सोटा (कडू पाण्याचा विधी)

सोटा म्हणजे नवऱ्याला जिच्या वागण्याचा संशय आलाय अशी बायको. हिब्रू शब्द आहे, अर्थ साधारण 'वाट सोडून गेलेली', आपल्या काठीवाल्या सोट्याशी काही संबंध नाही. बायबलच्या गणना पुस्तकात ५व्या अध्यायात (ओवी ११ ते ३१) तिच्यासाठी एक विधी सांगितलाय. तोरात (बायबलची पहिली पाच पुस्तकं, ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) व्यभिचाराला शिक्षा मृत्यूची, दोघांनाही, पण त्यासाठी साक्षीदार लागतात, आणि असल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार? साक्षीदार नाही पण नवऱ्याच्या डोक्यातून संशय जात नाही, तेव्हा हा विधी.

नवरा बायकोला याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे घेऊन जायचा, सोबत एक दशांश एफा म्हणजे साधारण दोन लिटर जवाचं पीठ. इतर अन्नार्पणांत तेल आणि ऊद असतो, यात दोन्ही नाही. याजक मातीच्या भांड्यात पवित्र पाणी घेणार, त्यात निवासमंडपाच्या (मंदिराआधीचं तंबूतलं देवस्थान) जमिनीवरची धूळ टाकणार, बाईचे केस मोकळे सोडणार आणि शपथ घालणार, तिने फक्त 'आमेन, आमेन' म्हणायचं. मग शापाचे शब्द लिहून काढायचे, ती शाई त्याच पाण्यात धुवायची आणि हे 'कडू पाणी' तिला पाजायचं. दोषी असेल तर पोट फुगेल, मांडी झडेल, निर्दोष असेल तर काही होणार नाही, उलट मूल होईल.

पुढे इ.स. २०० च्या आसपास मिश्ना (ज्यू धर्मनियमांचा संग्रह) संकलित झाली, तिच्यात या विषयावर सोटा नावाचा अख्खा ग्रंथभाग आहे आणि तपशील तर असे की कुणीतरी शेजारी उभं राहून बघितल्यासारखं वाटतं. यरुशलेमच्या मंदिरात एक फरशी होती, तिला कडी बसवलेली, ती उचलायची आणि खालची धूळ घ्यायची. शाई साधी, धुतली की जाणारी, डिंक वगैरे घातलेली चालायची नाही. शापाच्या मजकुरात देवाचं नाव असतं, ते पुसणं एरवी मोठं पाप, पण नवराबायकोत समेट व्हावा म्हणून देव स्वतःचं नाव पाण्यात धुऊ देतो असं रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, म्हणायचे. अजून एक, मजकूर धुण्याआधी बाई 'नाही पीत' म्हणाली तर ती गुंडाळी बाजूला ठेवायची आणि पाणी पाजायचं नाही, पण एकदा शाई धुतली गेली आणि गुन्हा कबूल न करता ती नुसतीच नाही म्हणाली तर मात्र जबरदस्तीने पाजायचे.

आपल्याकडे मराठेशाहीत वतनाच्या भांडणात उकळत्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, हाताने काढायचं दिव्य करायचे, तिथे निर्दोष माणसाचाही हात भाजणारच. इथे उलटं आहे, धुळीच्या पाण्याने एरवी कुणाला काय होणार, शिक्षा व्हायची तर चमत्कारच लागतो, त्यामुळे संशयी नवऱ्याच्या हातात काही राहत नाही, असं बरेच अभ्यासक म्हणतात. पटण्यासारखं आहे, पण अर्धंच. चारचौघांत केस सोडून उभं राहावं लागतं ते बायकोलाच, नवऱ्यासाठी असा विधी कुठेच नाही, आणि संशय खोटा निघाला तरी त्याला दोष लागत नाही हे शेवटच्या ओवीत सरळ लिहिलंय. रब्बींना हे खटकलं असावं, म्हणून त्यांनी अटी वाढवल्या: नवऱ्याने आधी साक्षीदारांसमोर अमुक माणसाशी एकांतात राहू नकोस अशी ताकीद दिलेली हवी, आणि तालमूद (मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ) तर म्हणतो की नवराच स्वच्छ नसेल तर पाण्याचा गुण येत नाही.

हाच विधी देव आणि इस्राएल यांच्या नात्यालाही लावला गेला. करार म्हणजे लग्न आणि मूर्तिपूजा म्हणजे व्यभिचार, ही भाषा संदेष्ट्यांची. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात तर देव इस्राएलला सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद देतो. बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात मोशे लोकांनी पूजलेलं सोन्याचं वासरू जाळून, भुकटी करून पाण्यात टाकतो आणि लोकांना ते पाणी पाजतो, तेव्हा तालमूदच्या रब्बींना हे कडू पाणीच आठवलं.

हा विधी रब्बान योहानान बेन झक्काईने बंद केला असं मिश्ना सांगते, इ.स. ७० मध्ये मंदिर पडलं त्याच सुमाराचा हा माणूस. व्यभिचारी वाढले म्हणून पाणी थांबलं असं कारण दिलंय, आणि आधार होशेय या संदेष्ट्याचा, ज्याची स्वतःची बायको गोमेर त्याला सोडून दुसऱ्यांकडे जायची असं मानतात. त्याच्या पुस्तकातल्या ४:१४ चा आशय असा, देव म्हणतो की तुमच्या मुली-सुना वाकड्या वाटेने गेल्या तरी मी त्यांना शिक्षा करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांकडे जातात.