सिमेंटचा पत्रा आणि न झालेली मोजणी

विदर्भातल्या खेड्यांत दरवर्षी कवेलू, म्हणजे मातीची कौलं, फेरायला माणसं मिळेनाशी झाली, माकडं होते ते कवेलू टिकू देईनात, आणि घरांवर सिमेंटचे पत्रे चढत गेले. टिन मे महिन्यात भाजून काढते. त्या मानाने सिमेंटचा पत्रा कमी तापतो, पावसाचा आवाजही कमी करतो. दुकानात त्याला ‘एसी शीट’ म्हणतात. त्यातला ‘ए’ अ‍ॅस्बेस्टॉसचा, म्हणजे एका खनिज तंतूचा, पण घरी पत्रा आला तो सिमेंटचा म्हणूनच. पत्र्यात त्या तंतूचं प्रमाण साधारण दहा टक्के असतं, हे घेणाऱ्याला कोणी सांगितलं नाही.

या तंतूमुळे होणाऱ्या कॅन्सरचा आलेख वाचायचा तर तो तीस-चाळीस वर्षं मागे धरून वाचावा लागतो. ब्रिटनमध्ये १९६८ साली मेसोथेलिओमाने, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरने, दीडशेच्या आसपास मृत्यू नोंदले गेले. २०१० नंतरच्या दशकात हा आकडा वर्षाला अडीच हजारांवर होता. तिथे निळ्या आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली, तरी आकडा उतरायला लागला तो अलीकडेच, तोही हळूहळू. आज दिसणारा रुग्ण बहुधा वडिलांच्या काळातल्या धुळीचा असतो.

आपल्याकडे १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणं थांबलं, १९९३ पासून जुन्यांचं नूतनीकरणही. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात मात्र चालूच राहिली, मुख्यतः रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून.

या सगळ्यात २७ जानेवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नीट वाचायला हवा, कारण बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही त्याच्याकडेच बोट दाखवतात. निकालाने कामगाराचं आरोग्य आणि वैद्यकीय मदत हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायची, असं बजावलं. तपासणीत अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे या तंतूने फुप्फुसं कडक होण्याचा आजार, ठरलेल्याला एक लाख रुपये भरपाईही ठरवली. चाळीस वर्षं हा आकडा आजाराची चाल ओळखूनच आलेला आहे. पण हे सगळं खाणीच्या किंवा कारखान्याच्या हजेरीपटावरच्या माणसासाठी. वापर बंद करा, असं निकालात नाही. पुढे बंदी मागणारी याचिकाही २०११ मध्ये फेटाळली गेली. उत्पादकांच्या बाजूने यालाच ‘नियंत्रित वापर’ म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. कारखान्याच्या फाटकात नियंत्रण असेलही, पण गावात पत्रा कापला जातो तो अंगणात दोन विटांवर ठेवून, हातकरवतीने, कोरडाच. कापणाऱ्याच्या भुवया पांढऱ्या होतात, आणि बाई लगेच फडा घेऊन ती भुकटी झाडून उकिरड्यावर टाकते. धड पत्र्याखाली नुसतं राहण्यापेक्षा हे कापणं, फोडणं, झाडणं जास्त घातक. गारपिटीत फुटलेले तुकडेही गोठ्याच्या वाटेवर भर म्हणून पडतात आणि बैलगाडीखाली वर्षानुवर्षं दळले जातात.

नोंदींची गोष्ट त्याहून अवघड आहे. देशात कॅन्सर नोंदणीचं जाळं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहू लागलं, तेही आधी मोठ्या शहरांत. आपला आकडा कमी दिसतो तो आजार कमी म्हणूनच, असं त्यावरून म्हणता येत नाही. मेसोथेलिओमातही छातीत पाणी होतं, पण पाणी झालं की खेड्यात पहिला संशय टीबीचा. तो चुकीचा नाही, टीबी इथे खरोखरच खूप आहे. पण औषधं सुरू होतात, पाणी काढलं जातं, पुन्हा भरतं. मेसोथेलिओमा ठरवायला आवरणाचा तुकडा काढून विशेष तपासणी लागते, ती मोठ्या शहरात. तिथवर बरेच जण पोचतच नाहीत. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तर बिडीचं नाव पुढे येतं. बिडी आणि हा तंतू दोन्ही असले तर धोका कैक पटींनी वाढतो, पण कागदावर बिडीच राहते.

शिवाय पत्रे बसवणारा माणूस हंगामात कापूस वेचतो, सोयाबीन कापतो. दवाखान्याच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात त्याच्यापुढे एकच शब्द पडतो: शेतमजूर.