चेहऱ्यावरून हुशारी: नोकरभरतीतल्या एका वादाची पार्श्वभूमी

गोव्यात सरकारी नोकरीची जाहिरात निघाली की आधी विचारलं जातं, 'मुलाखत आहे की नुसती लेखी?' या प्रश्नामागे वशिल्याची धास्ती असते. समोरच्याचा चेहरा बघून त्याची अक्कल ठरवायची आपली सवय मात्र चर्चेत येत नाही, आणि ती यायला हवी.

या सवयीला शास्त्राचा मुलामा द्यायचे प्रयत्न जुने आहेत. अठराव्या शतकात एका स्विस धर्मोपदेशकाचे चेहरेपट्टीवरचे ग्रंथ युरोपभर गाजले. पुढे वसाहतींत नाक-कवटी मोजून माणसांची प्रतवारी लावली गेली. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयातले एक प्राध्यापकही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यातल्या पोर्तुगीज वंशजांची शरीरमापं घेत होते.

हल्लीच्या संशोधनाने प्रश्न उलटा केला: चेहरा काय सांगतो यापेक्षा बघणारा काय ठरवून मोकळा होतो? 2006 च्या एका अभ्यासात सेकंदाचा दहावा भाग चेहरा दाखवला तरी लोकांनी कर्तबगारीचं मत बनवलं. जास्त वेळ दिल्यावर ते फारसं बदललं नाही, आपल्या मतावरचा विश्वास तेवढा वाढला. 2014 मध्ये प्रागच्या 80 विद्यार्थ्यांचे फोटो लोकांना दाखवले. लांबट चेहरा, निमुळती हनुवटी, लांब नाक असलेले 'हुशार' ठरले. पुरुषांच्या बाबतीत हे अंदाज बुद्ध्यांकाशी काही प्रमाणात जुळले, स्त्रियांच्या बाबतीत नाही. चेहऱ्याच्या ठेवणीचा मात्र प्रत्यक्ष बुद्ध्यांकाशी कुणाच्याच बाबतीत संबंध सापडला नाही. जड पापण्याही नडतात, असं नंतरच्या एका अभ्यासात दिसलं. काणकोणहून पहाटेची बस धरून पणजीत मुलाखतीला पोचलेल्या मुलीचे डोळे जड असणारच. समोरच्याला ती मंद वाटू शकते.

1 जानेवारी 2016 पासून केंद्राने कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. गोव्यातही 2019 मध्ये कायदा होऊन कनिष्ठ पदांच्या भरतीसाठी स्वतंत्र आयोग आला आणि पुढे संगणकावरची परीक्षा सुरू झाली. मुलाखती असाव्यात की नसाव्यात, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. मुलाखती बंद करण्याला विरोध असलेल्यांचं म्हणणं असं की लोकांशी रोज बोलावं लागणाऱ्या कारकुनाला न भेटताच कसं घ्यायचं? मुद्दा अगदीच पोकळ नाही. 1971 च्या एका प्रयोगात चष्मेवाला माणूस पंधरा सेकंदांच्या चित्रणात जास्त बुद्धिमान वाटला, पण पाच मिनिटं बोलताना बघितल्यावर तो फरक उरला नाही. म्हणजे भेट पुरेशी लांब असेल तर चेहऱ्याचा प्रभाव ओसरू शकतो. पण दिवसभर रांग लावून उरकलेल्या मुलाखतींत कुणाला तेवढा वेळ मिळत होता? म्हणून त्या बंद झाल्या हे योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे.

वरिष्ठ पदांच्या मुलाखती अजून होतात. तिथे सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत, प्रत्येक उत्तराचे गुण तिथल्या तिथे लिहावेत आणि मुलाखत घेणाऱ्यांपुढच्या कागदावरून फोटो काढून टाकावा. खासगी हॉटेलांच्या अर्जांवर तर फोटो अजून सर्रास मागितला जातो, आणि गोव्यातली किती तरी मुलं नोकरीसाठी पहिल्यांदा तिथेच जातात.