ठराव आणि विधेयक: फटाके नेमके कधी फोडायचे

अधिवेशन सुरू झालं की भाच्याचा फोटो येतो. चौकातला फ्लेक्स, गुलालाने माखलेली दहा-बारा पोरं आणि खाली मजकूर: "मामा, कृषी विद्यापीठ मंजूर व्हयनं!" मी उलट एकच विचारतो, ठराव की विधेयक? त्यावर अंगठा येतो. म्हणजे त्यालाही ठाऊक नाही, आणि फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेल्या भाऊंनाही बहुधा नाही.

"मंजूर" या शब्दावर माझा राग आहे. घोषणाही मंजूर, लक्षवेधीला (मंत्र्याचं लक्ष वेधण्यासाठी आमदाराने दिलेल्या सूचनेला) मिळालेलं उत्तरही मंजूर, ठरावही मंजूर आणि कायदाही मंजूर. एकाच पोत्यात ज्वारी, बाजरी आणि खडे.

विधेयक तुम्ही नागरिकशास्त्रात शिकला आहात, म्हणून भरभर उरकतो. सभागृहात मांडलं जातं, वाचनं होतात, एकेका खंडावर चर्चा होते, विधानसभा आणि विधानपरिषद दोन्हीकडे संमत होतं, राज्यपालांची संमती मिळते, राजपत्रात छापलं जातं. झाला कायदा. आमदाराने आणलं तर अशासकीय विधेयक, मंत्र्याने आणलं तर शासकीय. अशासकीय विधेयकाचा कायदा होणं म्हणजे एप्रिलमध्ये तापी दुथडी भरून वाहणं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घोळ होतो तो ठरावाचा. कारण ठरावही सभागृहातच येतो, त्यावरही भाषणं होतात, बाकं वाजतात, आणि अध्यक्षही "ठराव संमत झाला" असंच म्हणतात. पण त्याची भाषा नीट वाचा. सभागृह शासनाला शिफारस करतं की अमुक करावं. शिफारस! सभागृहाने आपलं मत सांगितलं, त्याला वजन आहे, राजकारणात तर फारच आहे. पण शासनाने ते ऐकलंच पाहिजे अशी कायदेशीर सक्ती त्यात नाही. अशासकीय ठराव बहुतेक वेळा तिथपर्यंतही जात नाही. मंत्री उठून "शासन सकारात्मक आहे" म्हणतात, सदस्य समाधान मानून ठराव मागे घेतात, आणि दुसऱ्या दिवशी गावात गुलाल. मागे घेतलेल्या ठरावाचा गुलाल मी या डोळ्यांनी पाहिलाय.

आता कुणी म्हणेल, शब्दांचा कीस कशाला, आज ठराव तर उद्या कायदा होईलच. मराठवाड्यात याचं उत्तर आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. दोन्ही सभागृहांनी, बरं का. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामांतर म्हणून नाही, नामविस्तार म्हणून, म्हणजे जुनं नाव ठेवून त्यात भर घालून. मधल्या काळात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. आणि हे सगळं नुसत्या नावासाठी. नवीन विद्यापीठ उभं करायचं तर किती गोष्टी कागदावर याव्या लागतात, बघा.

विद्यापीठ म्हणजे बोर्ड, इमारत आणि कुलगुरूंची गाडी नव्हे. विद्यापीठ म्हणजे पदवी देण्याचा अधिकार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात कलम २२ आहे. पदवी कोण देऊ शकतं, ते तिथे लिहिलंय: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ (केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था), किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. "ठरावाने शिफारस केलेलं विद्यापीठ" असा प्रकार त्या यादीत नाही. शिवाय कायद्यालाच सांगावं लागतं की कार्यक्षेत्र कुठून कुठपर्यंत, कोणती कॉलेजं जुन्या विद्यापीठातून नव्याकडे येणार, निम्मा अभ्यासक्रम झालेल्या पोरांची पदवी कुणाच्या शिक्क्याची, कर्मचारी कुणाचे, देणी कुणाच्या डोक्यावर. विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं, म्हणजे किती खर्च येणार ते सरकारला लिहून द्यावं लागतं. ठरावात "त्वरित" हा शब्द असतो, रुपये नसतात.

आपल्या खान्देशाचंच उदाहरण घ्या. आमच्या आधीच्या पिढीच्या पदव्यांवर पुणे विद्यापीठाचा शिक्का आहे. ते विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं आणि दोन्ही खान्देश, पूर्व आणि पश्चिम, त्याच्या पदरात पडले. मार्कशीटमध्ये नाव चुकलं की रात्रीची एसटी धरायची. मग झाला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा कायदा, सालाने १९८९ चा. विद्यापीठ सुरू झालं १५ ऑगस्ट १९९० ला. म्हणजे कायदा होऊनही प्रत्यक्ष कारभाराला पुढचं साल उजाडलं. तुमचा ठराव तर कायद्याच्याही अलीकडे उभा आहे. (नाव "उत्तर महाराष्ट्र", आणि नाशिक मात्र पुण्याकडेच राहिलं. कार्यक्षेत्र नावाने ठरत नाही, कायद्याने ठरतं, याचा याहून ठळक पुरावा मला सापडलेला नाही. बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं, ते मला मनापासून आवडतं.)

इथे एक आडवळण आहे, आणि त्यात जाणकारही फसतात. १९९४ मध्ये महाराष्ट्राने पारंपरिक विद्यापीठांचे वेगवेगळे कायदे मोडून एकच कायदा केला. आता त्याच्या जागी २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे. त्यामुळे सोलापूर (२००४) आणि गोंडवाना (२०११) यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला नाही, १९९४ च्याच कायद्याखाली राजपत्रात अधिसूचना निघाली. मग "बघा, विधेयकाशिवाय झालंच ना" असा युक्तिवाद होतो. झालं, पण ती अधिसूचना आधीच संमत झालेल्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून निघाली, ठरावातून नव्हे. आणि कृषी विद्यापीठांना हा कायदा लागूच नाही, त्यांचा कायदा वेगळा, १९८३ चा. भाच्याच्या फ्लेक्सवाल्यांना हे कुणी सांगायचं? राहुरीच्या कृषी विद्यापीठातून खान्देश वेगळा काढायचा तर तो कायदा उघडावा लागेल, आणि त्याआधी धुळे की जळगाव हे आपसात मिटवावं लागेल. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

उपकेंद्राचं म्हणाल तर एका ओळीत: ती मूळ विद्यापीठाची शाखा, पदवी मूळ विद्यापीठाचीच. अभिमत आणि खासगी विद्यापीठांचा रस्ता निराळा, त्यांचा इथे संबंध नाही.

भाच्याला आता मी नवीन प्रश्न दिलाय. ठराव की विधेयक हे विचारू नकोस, भाऊंना विचार, "विधेयक क्रमांक किती?" विधेयक असेल तर त्याला साल आणि क्रमांक असतो, छापील प्रत असते. परवा त्याने खरंच विचारलं. भाऊ म्हणाले, "क्रमांक मुंबईहून येतोय."