पंखे आत फिरवायचे की बाहेर? ट्विन इंजिन बोटींच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

मांडव्याच्या जेटीवर ट्विन आउटबोर्डवाली (मागे बाहेरून दोन इंजिनं लटकवलेली) स्पीडबोट वळताना कधी नीट बघा. चालवणारा स्टिअरिंगला हातही लावत नाही, एक लिव्हर पुढे, एक मागे, आणि बोट जागच्या जागी गर्रकन फिरते. हात त्याचा बसलेला असतो हे खरंच, पण खाली पाण्यातले दोन पंखे, म्हणजे प्रोपेलर, कुठल्या दिशेनं फिरतायत ह्याचाही त्यात मोठा वाटा असतो, आणि फास्ट बोटीवाल्यांची ह्या दिशेवरून कायम हुज्जत चालू असते.

आधी भाषा समजून घेऊ. बोटीच्या मागे उभं राहून बघायचं, बोट पुढे जाताना पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरला तर तो राइट हँड, उलटा फिरला तर लेफ्ट हँड. उजव्या इंजिनला राइट आणि डाव्याला लेफ्ट लावला की दोन्हींची वरची पाती बाहेरच्या बाजूला जातात, म्हणून ते 'आउट'. अदलाबदल केली की 'इन'. आता मुद्दा असा की पंखा बोटीला नुसता पुढे ढकलत नाही, थोडा बाजूलाही ओढतो, राइट हँड पुढे चालताना बोटीची मागची बाजू उजवीकडे सरकवतो. ह्याला प्रॉप वॉक म्हणतात. 'आउट' सेटअपमध्ये एक इंजिन पुढे आणि एक मागे टाकलं की हा बाजूचा ओढा वळण्याला मदत करतो, 'इन'मध्ये नेमका त्याच्याविरुद्ध जातो. सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

पंखे उलटसुलट फिरवायची आयडिया जहाजाच्या पंख्याइतकीच जुनी आहे. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन ह्या दोघांनी काही आठवड्यांच्या अंतरानं लंडनमध्ये पेटंट घेतलं, आणि एरिक्सनच्या डिझाइनमध्ये एकामागे एक अशी दोन चाकं विरुद्ध दिशेनं फिरणारी होती. पण मोठ्या जहाजांवर शेजारी शेजारी दोन पंखे आले ते दिशेसाठी नाही, भीतीपोटी. एकच शाफ्ट (इंजिनपासून पंख्यापर्यंतचा दांडा), तो भर समुद्रात तुटला की संपलं, म्हणून शिडं पण ठेवायची. १८८८ मध्ये इनमन लाइन ह्या कंपनीचं सिटी ऑफ न्यूयॉर्क हे प्रवासी जहाज दोन पंख्यांनिशी अटलांटिकवर धावू लागलं आणि मग शिडांचा आधार हळूहळू सुटत गेला. दोन पंखे झाले म्हटल्यावर आत की बाहेर हा प्रश्न आलाच.

आणि इथे मला सगळ्यात मजा येते, कारण आजच्या रेसिंग कॅटमरानवाल्यांचा (कॅटमरान म्हणजे दोन तळ जोडलेली बोट) वाद ब्रिटिश नेव्हीनं शंभरेक वर्षांपूर्वीच घालून झालाय. १८९० च्या दशकाच्या शेवटी बांधलेल्या कॅनोपस वर्गाच्या युद्धनौकांना पंखे आतल्या बाजूला फिरणारे दिले. कारण? वेग थोडा जास्त, कोळसा थोडा कमी. कागदावर झकास. पण कमी स्पीडला, मागे घेताना, बंदरात वळवताना ह्या नौका ऐकेनात, आणि पुढे नेव्हीनं ती दिशा सोडून दिली. म्हणजे 'इन'नं वेग मिळतो आणि धक्क्यावर घाम फुटतो, हा हिशोब तेव्हाच मांडून झाला होता.

विमानवाल्यांचंही एक सांगतो, थोडं विषयांतर आहे पण राहवत नाही. लॉकहीडचं पी-३८ लढाऊ विमान, पहिला नमुना जानेवारी १९३९ मध्ये उडाला तेव्हा दोन्ही पंखे आत फिरत होते, पुढच्या वायपी-३८ ह्या चाचणीच्या विमानांपासून ते बाहेर फिरवले. ब्रिटिशांनी आपल्या ऑर्डरमध्ये दोन्ही इंजिनं एकाच दिशेची मागितली, इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोही नको म्हणाले, मग टेस्टमध्ये विमान आवडलं नाही म्हणून जवळपास सगळी ऑर्डर नाकारली!

छोट्या बोटींवर मात्र बरीच वर्षं चॉइसच नव्हता. ओले एव्हिनरूडनं १९०९ मध्ये आउटबोर्ड धंद्यात आणली, तिथून पुढे कितीतरी काळ दोन इंजिनं लावायची तर दोन्ही राइट हँडच, मग बोट एका बाजूला कलायची, स्टिअरिंग ओढायचं, लोक सवयीनं सांभाळून घ्यायचे. १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटानं अ‍ॅक्वामॅटिक हे स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीत, पंख्याचा भाग मागे बाहेर) आणलं, कल्पना जिम विनची. १९६० च्या मायामी-नासाऊ रेसमध्ये सॅम ग्रिफिथ जिंकला तो रे हंटनं डिझाइन केलेल्या डीप-व्ही, म्हणजे खोल व्ही आकाराच्या तळाच्या बोटीत, आणि त्यानंतर फास्ट बोट म्हणजे व्ही-हल (हल म्हणजे बोटीचा तळाचा सांगाडा) हे जवळपास ठरूनच गेलं. मर्क्रूझर ह्या दुसऱ्या स्टर्नड्राइव्ह ब्रँडच्या जुन्या ड्राइव्हला लेफ्ट हँड पंखा हवा असेल तर अख्खं इंजिनच उलटं फिरणारं घ्यावं लागायचं. त्यांच्याच नंतरच्या ब्राव्हो वन ड्राइव्हमध्ये हा त्रास गेला, गिअर दोन्ही दिशांना सारखाच ताकदीचा, फक्त शिफ्ट केबलची जागा बदलायची आणि पंखा बदलायचा. आउटबोर्डमध्ये काउंटर-रोटेटिंग, म्हणजे उलटा पंखा फिरवणारी मॉडेलं आली आणि कंपन्यांनी सरळ प्रथाच पाडली, लेफ्ट डावीकडे, म्हणजे 'आउट'.

मग 'इन' परत कुठून आलं? कॅटमरानमुळे. दोन अरुंद हल, मधून बोगद्यासारखी हवा, आणि वर चढवलेले पंखे जे अर्धे पाण्याबाहेरच फिरतात. अर्धा पंखा बाहेर असला की वरची पाती हवेत, खालचीच पाण्यात, त्यामुळे बाजूचा ओढा साध्या बोटीपेक्षा कितीतरी पट वाढतो आणि दिशेचा फरक लगेच जाणवतो. 'इन' केलं की टॉप स्पीड वाढतो असं बऱ्याच कॅटवाल्यांना दिसलं आणि तो सेटअप तिथे रुळला. व्ही-हलवर मात्र 'आउट'च टिकून आहे, बोट स्थिर वाटते आणि जेटीला लावताना शिव्या खाव्या लागत नाहीत. माझं मत विचाराल तर रोज माणसं ने-आण करणाऱ्या बोटीला 'इन' करणं म्हणजे नसती उठाठेव.

आपल्याकडे २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-१ पॉवरबोटच्या रेस झाल्या तेव्हा ह्यावर बरीच बडबड करता आली असती, पण त्या पँथर बोटी एका इंजिनच्या, त्यामुळे प्रश्नच मिटला.

तीन इंजिनं असली की दोन एका दिशेची आणि एक उलटी, चार असली की दोन-दोन. आणि एक खर्च कोणी आधी सांगत नाही, दिशा कुठलीही निवडा, स्पेअर पंखे आता दोन घ्यावे लागतात, एक राइट, एक लेफ्ट, आणि लेफ्ट हँडवाला दुकानात पटकन मिळेलच असं नाही.