फॉलआउट शेल्टर

फॉलआउट शेल्टर : अणुस्फोटानंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीपासून बचाव करणारी जाड भिंतींची खोली. स्फोटाचा हादरा किंवा आग यांपुढे ती टिकेलच असे नाही. बॉम्ब पडला तिथून दूर, पण वाऱ्याच्या वाटेवर राहणाऱ्यांसाठी ती असते. शीतयुद्धकाळात अमेरिकेत तिच्यावर जेवढी चर्चा झाली, त्या मानाने खोल्या फारच थोड्या बांधल्या गेल्या.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने १५ मेगाटनांच्या बॉम्बची चाचणी केली. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर तिची पांढरी राख पडली. २३ खलाशी आजारी पडले आणि सप्टेंबरमध्ये बोटीचा बिनतारी यंत्रचालक दगावला. तोवर अमेरिकी शाळांत मुलांना बाकाखाली डोके झाकून बसायला शिकवत. हवेतून येणाऱ्या राखेपुढे बाकाचा काय पाड!

या धुळीतून निघणाऱ्या भेदक गॅमा किरणांना अडवायला वजन लागते. सुमारे ६ सेंमी काँक्रीट किंवा ९ सेंमी दाबलेली माती त्यांची तीव्रता निम्म्यावर आणते. ९० सेंमी माती म्हणजे दहा वेळा निम्मे, म्हणजे साधारण हजारावा भाग. घरगुती शेल्टरसाठी तळघराचा कोपरा निवडत, कारण दोन बाजूंना जमीन आयतीच मिळते. उरलेल्या बाजूंना भरीव ठोकळ्यांची भिंत घालत. ठोकळे पोकळ असतील तर पोकळीत वाळू भरावी लागे. हमखास चूक व्हायची ती छतात : भिंती भक्कम आणि वर नुसत्या फळ्या. धूळ घराच्या कौलांवरही साचते, तेव्हा मारा वरूनही होतो. किरण सरळ रेषेत जातात, म्हणून दारापाशी काटकोनी वळण ठेवत.

आत किती दिवस राहायचे, याचा ढोबळ हिशेब ‘सात-दहा’चा आहे. स्फोटानंतरचा काळ सातपट झाला की किरणोत्सर्ग दहापट घटतो : पहिल्या तासाच्या मानाने ७ तासांनी दहावा भाग, ४९ तासांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. सामान दोन आठवड्यांचे भरत ते याच हिशेबाने. सरकारी सार्वजनिक शेल्टरांत माणशी सुमारे १३ लिटर पाणी आणि १०,००० कॅलरींची बिस्किटे-गोळ्या ठेवत. म्हणजे रोज जेमतेम सातशे कॅलरी. ६६ लिटरच्या एका पिंपात पाच जणांचे पाणी मावे आणि पिंप रिकामे झाले की त्याचाच संडास करायचा.

हिशेब बरोबर होता. अडचण होती उकाड्याची. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता टाकतो. भरलेल्या बंद खोलीत घाम, दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातात. वीज जाणार हे धरूनच हाताने फिरवायचा पंखा सुचवत. धूळ आत येईल या भीतीने हवेची वाट बुजवणे सगळ्यांत घातक. जवळपास पडणारी धूळ बरीचशी वाळूसारखी जड असते. हवा आत घेणाऱ्या नळीचे तोंड खाली वळवले की ती बहुतांशी बाहेरच राहते. पुरलेल्या शेल्टरांत भूजल झिरपे आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेली बिस्किटे खवट होत.

२५ जुलै १९६१ रोजी बर्लिन शहरावरून सोव्हिएत संघाशी पडलेल्या पेचावर बोलताना राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नागरी संरक्षणासाठी जादा २०७ दशलक्ष डॉलर मागितले आणि शेल्टर घरोघरच्या बोलण्यात आले. शेजारी दार ठोठावेल तेव्हा काय करायचे? एल. सी. मॅकह्यू या जेझुइट धर्मगुरूंनी लिहिले की घुसणाऱ्याला बळाने रोखण्याचा हक्क घरमालकाला आहे. वॉशिंग्टनचे एपिस्कोपल बिशप अँगस डन यांनी त्याचा कडक निषेध केला. काँक्रीटच्या जाडीपेक्षा लोकांना हा वाद जास्त लक्षात राहिला. १९६३ च्या अंशतः अणुचाचणीबंदी करारानंतर उत्साह ओसरला. शेल्टरची जागा दाखवणाऱ्या तीन त्रिकोणांच्या काळ्या-पिवळ्या पाट्या मात्र कितीतरी इमारतींवर तशाच राहिल्या.

स्वित्झर्लंडने हीच कल्पना १९६३ च्या कायद्याने घरबांधणीत बसवली. तिथे आज शेल्टरांतल्या जागा लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत आणि इमारतींच्या तळाशी जाड पोलादी दारांमागे एरवी स्की, वाइनच्या बाटल्या आणि अडगळ असते.