खुराड्यात काय अंथरावं?

कोंबडीची ताजी विष्ठा जवळून पाहिलीत तर करड्या गोळ्याच्या टोकावर पांढरी टोपी दिसते. ती कोंबडीची लघवी. पक्ष्यांना मूत्राशय नसतं. गाय-म्हैस काय किंवा आपण काय, शरीरातला जादा नायट्रोजन युरियाच्या रूपात भरपूर पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. कोंबडी तोच नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात टाकते. हे आम्ल पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून ते पांढऱ्या लेपासारखं विष्ठेवरच बसतं.

हा पांढरा भाग कोरडा राहिला तर त्याचं फारसं काही होत नाही. ओल आणि ऊब मिळाली की मात्र जिवाणू कामाला लागतात आणि युरिक आम्ल पायरीपायरीने तोडून त्याचा युरिया, आणि युरियाचा अमोनिया करतात. खुराड्यात शिरताना डोळे चुरचुरतात ते या अमोनियाने. परसात चार-दहा कोंबड्या पाळणाऱ्याने खाली काय अंथरायचं, हे ठरवताना पहिला विचार या ओलीचा करावा.

ओल येते किती? पूर्ण वाढलेली, अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यातलं जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. गावठी कोंबडी अंगाने लहान, तिचं प्रमाण कमी. तरी दहा कोंबड्या दिवसरात्र बंद असतील तर रोज लिटरभर पाणी खाली पडतं असं धरून चाला. दिवसा मोकळ्या सोडल्या तर भार हलका होतो, पण विष्ठेचा बराच मोठा वाटा रात्री दांडीवर बसल्या बसल्याच पडतो. म्हणून दांडीच्या खाली एखादा पत्रा किंवा फळी ठेवून ती रोज सकाळी खरवडून काढली, तर कुठलंही महागडं लिटर, म्हणजे खाली अंथरायचा भुसा-तुसासारखा माल, आणण्यापेक्षा जास्त फरक पडतो. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि तरी फार थोडी माणसं ते करतात.

लिटर निवडताना सर्रास एकच गोष्ट विचारली जाते: पाणी किती शोषतं? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. शोषलेलं पाणी ते हवेत परत किती लवकर सोडतं, हे जास्त महत्त्वाचं. काथ्याचा भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, पण तेच पाणी तो दिवसेंदिवस सोडत नाही. जुलैत कोकणात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास घुटमळत असते. तेव्हा असं अंथरूण आतून ओलंच राहतं आणि वरून मऊ, छान दिसतं. कोंबडीच्या पायाला ते फसवं मऊपण घातक ठरतं. ओल्या गादीवर सतत उभं राहून तळव्याची कातडी भिजते, फाटते आणि तिथे काळी खपली धरते. कोंबडी लंगडू लागेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. आठवड्यातून एकदा एखादी कोंबडी उचलून तळवे पाहिले, तर गादीची अवस्था तिथे लिहिलेली सापडते.

भातपट्ट्यात, म्हणजे कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियात, भाताचं तूस सहज मिळतं आणि माझा कौल त्यालाच आहे. तुसाचा एक कण हातात घेऊन नखाने दाबून पाहा. तो कडक, वक्र आणि खरखरीत लागतो. तूस जाळलं तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते आणि ती राख जवळजवळ सगळी सिलिकाच असते. काचेत आणि वाळूत असतो तोच हा पदार्थ. भाताचं रोप तो जमिनीतून उचलून दाण्याच्या कवचात साठवतं. या सिलिकामुळे तूस स्वतः पाणी फारसं पीत नाही, लवकर कुजत नाही आणि दबून त्याचा थरही बसत नाही. वक्र कणांच्या मधल्या फटींतून हवा खेळते, विष्ठा त्या फटींत विखुरते आणि पातळ होऊन सुकते. त्याची कमजोरीही यातच आहे. पाण्याचं भांडं कलंडलं तर तूस ते पाणी धरून ठेवत नाही, सरळ जमिनीवर सोडून देतं. जमीन सिमेंटची असेल तर ओल तळाशी साचते. म्हणून तळाला लाकडाच्या भुशाचा पातळ थर आणि वर तूस, ही जोडी चांगली चालते.

गिरणीवर मात्र तूसच मागा, कोंडा नको. तांदूळ सडताना निघणाऱ्या कोंड्यात तेलाचं प्रमाण बरंच असतं. तो चार दिवसांत खवट होतो, बुरशी धरतो आणि उंदरांना बोलावतो. कोंडा खाद्यात शोभतो.

लाकडाच्या भुशात दोन प्रकार आहेत. सुताराच्या रंध्यातून निघणारे कुरळे छिलके उत्तम, कारण तेही फुलून राहतात आणि शिवाय पाणी शोषतात. करवतीखालचा बारीक भुसा तितका चांगला नाही. कोरडा असताना त्याची धूळ उडते, ओला झाला की लगदा होतो आणि लहान पिल्लं तो दाण्यासारखा टिपून खातात. पिल्लांसाठी पहिले दोन-तीन दिवस गादीवर कागद पसरतात तो त्यासाठीच. कागद खरखरीत किंवा चुरगळलेला हवा. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि कधी कधी ते तसेच राहतात.

भुसा कुठल्या लाकडाचा, हे विचारायला संकोचू नका. प्लायवूड, रंगवलेलं जुनं सामान, वाळवीचं औषध पाजलेलं लाकूड यांचा भुसा खुराड्यात येता कामा नये. यामागे एक खरी हकिकत आहे. १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये कोंबडीच्या मांसाला कुबट वास येत असल्याचा माग काढताना शास्त्रज्ञ लिटरपर्यंत पोहोचले. लाकूड टिकावं म्हणून त्याला क्लोरोफिनॉल गटातली रसायनं लावलेली होती. गादीतल्या बुरशीने त्या रसायनांचं क्लोरोॲनिसोल नावाच्या संयुगांत रूपांतर केलं आणि ती कोंबड्यांच्या अंगात उतरली. अत्यल्प प्रमाणातही ही संयुगं नाकाला जाणवतात. खाली अंथरलेलं ताटात येतं ते असं.

उसाच्या पट्ट्यात चिपाड आणि पाचट फुकटात मिळतं, म्हणून त्याचा मोह होतो. चिपाड पाणी छान शोषतं, पण त्यात उरलेल्या साखरेमुळे ओल लागताच बुरशी येते. साठवून कुजलेल्या चिपाडाच्या धुळीने माणसालाही फुफ्फुसाचा विकार होतो. त्याला बगॅसोसिस असं नावच आहे. पूर्ण वाळवलेलं, ताजं चिपाड कोरड्या महिन्यांत वापरायला हरकत नाही. पाचट आणि पेंढा बोट-दोन बोटं लांबीचे तुकडे करूनच घालावेत. लांब काड्यांची जाळी बनते, तिच्यावर विष्ठेचा पापुद्रा धरतो आणि खाली सगळं घुसमटतं. अंडी घालायच्या खोक्यात मात्र पेंढ्यासारखं दुसरं काही नाही. भुईमुगाची टरफलं मी टाळेन. त्यांवर येणाऱ्या एका बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्यांना अतिशय बाधतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी दगावले ते भुईमुगाच्या पेंडीतल्या याच विषामुळे, आणि त्या तपासातूनच या विषाचा शोध लागला. ते खाद्यातून गेलं होतं हे खरं, पण कोंबडी गादीही दिवसभर टिपत असते.

वाळू लवकर सुकते, चाळून पुन्हा वापरता येते. पण ती कुजत नाही, म्हणजे खत होत नाही, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तापून निघते. शिवाय नद्यांची वाळू आधीच इतकी उपसली गेली आहे की खुराड्यासाठी आणखी आणावी असं मला मनापासून वाटत नाही. कोकणातला पातेरा, म्हणजे आंबा-काजूची वाळलेली पानं, तुसात मिसळून चांगली चालतात. नुसती पानं मात्र ओली झाली की एकावर एक चिकटून बसतात.

आता राख आणि चुन्याबद्दल, कारण घरोघरी खुराड्यात या दोन्ही गोष्टी टाकल्या जातात. चुलीतली राख टाकली की उवा-पिसवा कमी होतात, वास मरतो, असं सांगतात. पहिल्या भागात तथ्य आहे. दुसऱ्या भागाचं रसायनशास्त्र उलटं आहे. ओल्या गादीत अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप पाण्यात विरघळून राहणाऱ्या, वास नसलेल्या अमोनियमचं आणि दुसरं हवेत उडणाऱ्या वायूचं. कोणतं किती, हे सामूवर (pH), म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापावर ठरतं. सामू ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, आणि त्यावर गेला की अल्कता वाढते. तापमान २५ अंश सेल्सिअस धरलं तर सामू ७ असताना वायूचा हिस्सा शंभरात एकही नसतो. सामू ८ झाला की तो पाचाच्या आसपास जातो आणि ९ ला पस्तिसाच्या पुढे. राख आणि चुना दोन्ही चांगलेच अल्कधर्मी. ओल्या गादीवर ते भुरभुरले की गादीत दबून असलेला अमोनिया भसकन हवेत येतो. चुन्याने गादी कोरडी होते हे खरं, पण तो अमोनिया रात्रभर कोंडलेल्या कोंबड्यांच्या नाकात जातो. चुना मारायचाच तर खुराडं रिकामं करून जमिनीवर मारावा, वाळू द्यावा आणि मग नवी गादी घालावी. राख कोरड्या मातीत मिसळून एका घमेल्यात वेगळी ठेवावी. कोंबड्या त्यात लोळतात, पंखांत धूळ भरून झटकतात आणि अंगावरच्या उवा आपल्या आपण काढतात. अमेरिकेतल्या मोठ्या पोल्ट्रींत १९९० च्या दशकापासून गादीवर ॲल्युमिनियम सल्फेट टाकतात, तेही याच हिशेबाने. ते आम्लधर्मी असल्यामुळे सामू उतरतो आणि अमोनिया पाण्यातच अडकून राहतो. परसातल्या खुराड्याला त्याची गरज पडू नये.

अमोनियाची मर्यादा म्हणून सहसा हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग हा आकडा धरला जातो. आपण उभे राहून वास घेतो आणि कोंबडीचं नाक गादीपासून वीतभर उंचीवर असतं. शिवाय आपलं नाक वासाला काही मिनिटांत सरावतं. म्हणून पहाटे दार उघडताच, खाली बसून, गादीजवळ पहिला श्वास घ्या. तो झोंबला तर गादी ओली आहे आणि हवा कोंडते आहे. अमोनियाने श्वासनलिकेतली सूक्ष्म लव निकामी होते. एरवी ही लव धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढत असते. ती थांबली की सर्दीच्या आणि मानमोडी (राणीखेत) रोगाच्या जंतूंना वाट मोकळी होते.

ओल मोजायला यंत्र लागत नाही. गादीतून मूठभर लिटर घेऊन घट्ट आवळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल फार झाली. काहीच चिकटलं नाही आणि धूळ उडाली तर गादी अतिकोरडी आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये असं होतं, तेव्हा पाण्याचा हलका शिडकावा करावा. गोळा होता होता सुटला, तर ओलावा २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आहे आणि तो योग्य आहे. रक्ती हगवणीचा परजीवीही याच मुठीत कळतो असं म्हणायला हरकत नाही. विष्ठेतून पडणारी त्याची बीजाणूसारखी अंडी ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी पिकतात. कोरड्या गादीत बहुतेक पिकतच नाहीत. थोडी पिकली तरी बिघडत नाही, कारण अल्प प्रमाणात संपर्क येत राहिला तर पिल्लांत प्रतिकारशक्ती तयार होते.

गादी वारंवार पूर्ण बदलावी का? मी नाही म्हणेन. आपल्याकडे जिला गादी पद्धत म्हणतात, तिच्यात जुन्या थरावर नवं कोरडं लिटर चढवत जातात. सुरुवात दोन-तीन इंचांनी करायची आणि हळूहळू सहा-आठ इंचांपर्यंत जायचं. कोंबडीच्या विष्ठेत नायट्रोजन फार, तुसात आणि भुशात कार्बन फार. दोन्ही नीट मिसळले की जिवाणू तो नायट्रोजन स्वतःच्या शरीरात बांधून घेतात, हवेत जाऊ देत नाहीत. ढवळण्याचं काम कोंबड्याच करतात. मूठभर दाणे गादीवर फेकले की त्या दिवसभर उकरत बसतात. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या शेती संशोधन केंद्रात असं दिसलं, की मुरलेल्या गादीवरच्या कोंबड्या खाद्यात मासळीसारखी प्राणिज प्रथिनं नसतानाही चांगल्या वाढतात. १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं करण्यात आलं आणि उलगडा झाला. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात आणि कोंबड्या ते गादीतून टिपून खात होत्या.

अशी गादी मुरायला दोनेक महिने लागतात. म्हणून ती फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करावी, मृग लागल्यावर नव्हे. पावसाळ्यात पागोळ्या आत येणार नाहीत इतकं छप्पर पुढे काढावं, वरच्या बाजूला जाळी ठेवून हवा खेळती ठेवावी आणि पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगावं. सगळ्यात जास्त भिजते ती भांड्याभोवतालची जागा. तिथलं लिटर तेवढं फावड्याने उचलून बाहेर टाकावं आणि नवं घालावं.

वर्षाने काढलेली गादी थेट झाडाच्या बुंध्याशी घालू नये. कोंबडीखतात नायट्रोजन ३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि शेणखतात साधारण अर्धा टक्का, त्यामुळे कच्चं खत कोवळी मुळं जाळतं. सावलीत ढीग लावून, ओलसर ठेवून, अधूनमधून पालटत दोन-तीन महिने कुजू द्यावं. तूस पूर्ण कुजत नाही, पण चिकट जमिनीत ते तसंच राहिलेलं बरं. त्याने माती मोकळी होते.