विळीमुळे बाळाचा ओठ दुभंगत नाही

“ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरलं, तर बाळ फाटक्या ओठाचं जन्मतं.” मराठवाड्यात हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. विद्यापीठाच्या वसतिगृहात एमएस्सीची पोरंही हे मानताना दिसतात. त्यात नवल नाही. घरात आजीनं मायेनं सांगितलेलं प्रयोगशाळेत सहज पुसलं जात नाही.

आता नीट बघू. पोटातल्या बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो. वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळून होतो, टाळू त्यानंतर काही आठवड्यांत. ही जुळणी अर्धवट राहिली की ओठ दुभंगलेला दिसतो. म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण आलं, तर तेव्हा फाटायचं काही उरलेलंच नसतं. कारणं वेगळी: आनुवंशिकता, गरोदरपणातली तंबाखू, फिट्सची काही औषधं. पुष्कळदा एकच नेमकं कारण सापडतही नाही. (फिट्सची गोळी मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

पडताळा घरीच घेता येतो. अशा बाळाची जन्मतारीख घ्या, नऊ महिने मागे मोजा, पहिल्या दोन-अडीच महिन्यांत आपल्याकडे ग्रहण दिसलं का ते जुन्या पंचांगात पाहा. बहुतेकदा सापडणार नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. त्या दिवशी कोयता हाती असलेल्या बायकांची बाळं कशी आहेत, तांड्यावर विचारा.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. तोवर बाळाला उभं धरून, थांबत थांबत पाजायचं. आणि त्या आईला “तू काय चिरलं होतंस?” असं कुणी विचारू नये.